ऑलिव्हला सोबत कधी आणायची

मुर्टोआ, व्हिक्टोरिया
१६ फेब्रुवारी

नरेल,

पत्र पाहून दचकू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे, घर जागेवर आहे आणि मला तुझ्याकडून काही नको आहे. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकून तू ठेवून देशील. पत्र निदान फाडण्यासाठी तरी हातात घ्यावं लागतं.

कळवायचं ते एवढंच, की तुझ्या दोन सशांपैकी करडा गेला. मफिन. मंगळवारी गेला. तीन दिवस सलग त्रेचाळीस डिग्री होतं. झोपेतच गेला, त्रास झाला नाही. शेडच्या मागे पुरला.

तपकिरी मादी बरी आहे. मी त्यांना नावानं हाक मारत नाही हे तुला ठाऊक आहे. माझ्या वडिलांनी आयुष्यभर सशांची बिळं नांगरली, मीही चाळीस वर्षं तेच केलं, आणि आता रोज सकाळी एका सशासाठी कोथिंबीर निवडतो. लॉन बोल्स खेळायच्या क्लबात सगळे मला हसतात. पण तू क्वीन्सलँडला गेलीस, तिथे ससा पाळणं गुन्हा, म्हणून तू दोघांना आईच्या स्वाधीन केलंस आणि आई गेल्यावर ते माझ्या गळ्यात पडले. माझ्या गळ्यात पडलेलं काम मी टाकत नाही.

आता विचारायचं ते विचारतो. मादी एकटी राहिली. तिला दुसरी सोबत आणायची की नाही, आणि आणायची तर कधी? शेजारची ग्लेनिस म्हणते, उद्याच आण. मला काही कळत नाही. मेंढी एकटी राहिली तर तिला कळपात सोडता येते, पण हिला कुठे सोडू? ससे तुझे आहेत, तेव्हा तूच ठरव.

पत्र लिहायलाच घेतलं आहे तर दुसरंही लिहून टाकतो. आईच्या आजाराचं. कापणी उरकेपर्यंत नरेलला कळवू नकोस, असं आईनंच मला सांगितलं होतं. तिचा शब्द मी पाळला. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही तेच सांगतो.

बाबा


२८ फेब्रुवारी

नरेल,

तुझं कार्ड मिळालं. त्यावरची मगर चांगली आहे. मागची ओळ मी चार वेळा वाचली. "बाबा, कशानं गेला ते खरं सांगा." तीन वर्षांत तू मला लिहिलेली ही पहिली ओळ. नर्स असलेल्या मुलीपुढे असल्या थापा चालत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तर खरं असं. मफिन उन्हानं गेला नाही. त्याला मिक्सो झाला.

तो कसा होतो हे तुला सांगायला नको. डास चावतो आणि आठवड्यात सशाचे डोळे सुजून बंद होतात. रानातले ससे मारायला म्हणून सरकारनं हा रोग सोडला तेव्हा माझे वडील खूश होऊन चर्चमध्ये नाचले होते म्हणतात. आपल्याकडे पाळीव सशालाही त्याची लस मिळत नाही. म्हणून तर आईनं पिंजऱ्याभोवती ती मच्छरदाणी शिवली होती आणि जाताना तू मला बजावलं होतंस, "बाबा, ऑक्टोबर ते मे, एक दिवससुद्धा काढायची नाही."

मी काढली. पूर्ण नाही, पूर्वेची बाजू वर गुंडाळली. उकाडा असा होता की जाळीतून वारा आत जात नव्हता आणि दोघं जिभा काढून धापा टाकत होते. मला त्यांची दया आली. चांगलं करायला गेलो. तळं यंदा काठोकाठ भरलंय, डास म्हणजे नुसता धूर उठतोय, हे मला दिसत नव्हतं असं नाही. दोन संध्याकाळी जाळी वर होती.

त्याचे डोळे बघितल्याबरोबर मी ओळखलं. तो रोग मी दहा हजार सशांत पाहिलाय. हॉर्शमला डॉक्टरकडे नेलं नाही. नेऊनही तिनं तेच केलं असतं, फक्त अर्धा तास गाडीत त्याला हाल सोसावे लागले असते. जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि हातानंच संपवला. ते काम मला येतं, एका क्षणात झालं. चुना टाकून लगेच पुरला. दहा मिनिटांत सगळं आटोपलं होतं. नंतर मी आत जाऊन चहा केला आणि तो प्यालो नाही.

तुझा ससा माझ्या हातून गेला, दोन्ही अर्थांनी. माफ कर असं लिहायची मला सवय नाही. लिहिलं असं समज.

मादीला अजून लक्षणं नाहीत. डॉक्टर टेगन फोनवर म्हणाली की पंधरा दिवस वाट बघा. जाळी चारी बाजूंनी खाली आहे आणि मी पंखा लावलाय. आधी सुचायला हवा होता.

बाबा


११ मार्च

नरेल,

पंधरा दिवस होऊन गेले. ऑलिव्हला रोग लागलेला नाही. पण मधल्या काळात दुसरीच पंचाईत झाली ती सांगतो.

ती खाईना. ओटचं गवत तसंच, लसूणघास तसाच, कोथिंबिरीला तोंड लावेना. दिवसभर पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायची. गवत उकरायची, खाली बघायची, परत पहिल्या कोपऱ्यात. दोन दिवस बघितलं आणि तिला उचलून हॉर्शमला नेली. सशाचं पोट एक दिवस रिकामं राहिलं तरी तो मरू शकतो, हे मला या वयात कळलं. त्यांना मारण्याचे सगळे प्रकार मला माहीत होते, जगवण्याचा एकही नाही.

टेगन शुल्झ म्हणजे रुपान्युप गावच्या शुल्झांची धाकटी. तिनं सुई दिली, नळीनं काहीतरी हिरवं पाजलं आणि मग मला समोर बसवून विचारलं, "नेव्ह, तो गेल्यावर तुम्ही हिला तो दाखवलात का?"

मी म्हटलं, "काय दाखवायचं?"

"मेलेला ससा. जोडीतला एक गेला की त्याला दोनतीन तास दुसऱ्याजवळ ठेवायचं असतं. तो हुंगतो, ढकलून बघतो, कधी त्याच्यावर बसतो. मग त्याला कळतं. तुम्ही न दाखवता पुरलात तर तिच्या हिशोबानं तो फक्त हरवलाय. ती त्याला शोधतेय."

"मी दहा मिनिटांत पुरला," मी म्हटलं. "चुना टाकून."

"तुम्ही शेतकरी माणसं फार घाई करता," ती म्हणाली. रागानं नाही. वय असेल अठ्ठावीस.

मग तिनं विचारलं, त्याचा वास असलेलं काही शिल्लक आहे का? पिंजरा तर मी ब्लीचनं धुतला होता. मग आठवलं, तो टॉवेल. जाळायच्या पिंपात टाकला होता, पण महिनाभर रोज आग लावायला बंदी, त्यामुळे जाळायचा राहून गेला होता. टेगन म्हणाली, ऑलिव्ह त्याच्याबरोबरच राहत होती, आता नव्यानं काय लागणार, द्या तिला.

घरी येऊन टॉवेल पिंजऱ्यात ठेवला. नरेल, मी भावुक माणूस नाही, जे पाहिलं ते लिहितो. ती आली. हुंगलं. नाकानं दोनदा ढकललं. मग पुढचे पाय मारून तो सारखा केला आणि त्यावर हनुवटी टेकून बसली. चार तास हलली नाही. मी खुर्ची टाकून समोर बसलो होतो. पाचच्या सुमाराला उठली आणि पार्सलीचा एक देठ खाल्ला.

तेव्हापासून खाते आहे. शोधायचं थांबवलंय. टॉवेल मात्र सोडत नाही, तोंडात धरून कोपऱ्यात नेते.

टेगनला विचारलं, आता दुसरा आणू का? म्हणाली, "इतक्यात नको." कधी ते ती सांगेना. म्हणते, ऑलिव्हच सांगेल.

बाबा


२१ मार्च

नरेल,

ऑलिव्हनं सांगायच्या आत ग्लेनिसनं सांगितलं. तुला माहीतच आहे ती कशी आहे. आई गेल्यापासून ती मला दर शुक्रवारी खिम्याची पेस्ट्री आणून देते आणि त्याबद्दल माझ्या घरात बोलायचा हक्क तिला आपोआप मिळालाय.

काल दुपारी खोकं घेऊन दारात. "नेव्ह, डोळे मीट."

मी म्हटलं, "ग्लेनिस, माझं वय बघ."

"अरे, मीट तर!" आणि खोक्यातून काढला एक पांढरा बोका. ससा गं, पण अंगानं बोकाच. हॉर्शमच्या दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी होती, फुकट देणे आहे. "बिचारी एकटी आहे, तिला एकटं ठेवू नये," असं म्हणत म्हणत तिनं मच्छरदाणीची चेन उघडली आणि मला काही बोलायच्या आत तो आत सोडलासुद्धा.

पुढचं अर्ध्या मिनिटात झालं. ऑलिव्ह जी कोपऱ्यातून उसळली, ती त्याच्या मानेवरच. नुसती लोकर उडत होती. मी हात घातला, तिनं मलाही फोडलं, तीन टाके पडले, उजवा अंगठा, म्हणून अक्षर असं आहे. त्याचा कान फाटला. ग्लेनिस ओरडत होती, "अरे, किती दुष्ट आहे ही!" दुष्ट कसली, स्वतःच्या घरात उभी होती. तो आत शिरला तोच नेमका मफिनच्या टॉवेलावर जाऊन बसला होता.

टेगननं आम्हा दोघांना शाळेतल्यासारखं फैलावर घेतलं. म्हणाली, त्या घरात आत्ताच रोग होऊन गेलाय आणि तुम्ही नवा ससा सोडता? तो खच्ची केलाय का? नाही. दोघांची ओळख अशी करून देतात का? नाही. "ग्लेनिस, तुमच्या घरात उद्या कुणी अनोळखी बुवा आणून सोडला तर तुम्ही काय कराल?"

ग्लेनिस म्हणाली, "तो कसा दिसतो त्यावर आहे."

पांढरा आता तिच्याच धुण्याच्या खोलीत राहतो. परत द्यायला गेली तर चिठ्ठीवाले लोक घर सोडून गेलेले. त्याचं नाव तिनं केन ठेवलंय, पहिल्या नवऱ्याचं. म्हणते, दोघांनाही खाण्यापलीकडे काही सुचत नाही.

तू म्हणशील, सोबत आणू नये म्हणून हा शहाणपणा दाखवतोय. तसं नाही. आणायचीच आहे. ससा एकटा राहू शकतो, पण तो नुसता राहतो. मी रोज बघतो ना ते.

बाबा


२५ एप्रिल

नरेल,

आज अ‍ॅन्झॅक डे. सकाळी सैनिकांच्या स्मारकापाशी जाऊन आलो. माझ्या आजोबांचं नाव तूच लहानपणी बोट ठेवून वाचायचीस, ते आठवलं.

तुझं पत्र मिळालं. मोठं होतं, दीड पान. अंगठ्याची काळजी केलीस त्याबद्दल आभारी आहे, जखम भरली. केनला मिक्सो लागला नाही आणि त्याचं ऑपरेशन झालं, ग्लेनिस सांगते की ऑपरेशननंतर त्याचा स्वभाव सुधारला. तिच्या नवऱ्याचा कशानंच सुधारला नव्हता.

तू लिहिलंस, "कधी आणायचं ते तुम्ही ठरवा, बाबा, मी तिथे नाही." हे शेवटचे तीन शब्द लागायचेच होते. लागले.

टेगनच्या अटी सांगतो. ऑपरेशन होऊन सहा आठवडे व्हायला हवेत, तोवर नराच्या अंगातली खुमखुमी जात नाही. हिव पडून डास मरायला हवेत. ऑलिव्हनं टॉवेल सोडायला हवा. आणि दोघांची गाठ अशा जागी घालायची, जिथे आजवर दोघांपैकी कुणीही पाऊल टाकलेलं नाही, म्हणजे भांडायला कुणाचं घरच नसतं.

पहिल्या तीन गोष्टी होतील. चौथी अवघड आहे. ऑलिव्ह सगळीकडे फिरलीय, स्वयंपाकघर, न्हाणीघर, माझ्या पलंगाखाली. ग्लेनिसच्या घरी केन सगळीकडे मुतून झालाय. बोल्स क्लबाचा विचार केला, पण तिथल्या हिरवळीवर ससा सोडायला मागितला तर मला सभासदत्वच सोडावं लागेल.

एकच जागा आहे. आईची शिवणाची खोली. कापडाला दात लावतील म्हणून ती त्यांना उंबऱ्यावरसुद्धा येऊ द्यायची नाही. खोली बंद आहे. तीन वर्षं बंद आहे. किल्ली माझ्याकडे आहे, हरवली वगैरे नाही. बघू.

बाबा


१९ मे

नरेल,

या पत्राबरोबर पार्सल आहे. आधी पत्र वाच.

मंगळवारी खोली उघडली. म्हटलं, ससे सोडायचे तर आधी टाचण्या वेचायला हव्यात. खाली बसून लोहचुंबकानं जमीन झाडली, दोनशेच्या वर टाचण्या निघाल्या. मशीनवर निळं कापड अर्धवट शिवलेलं तसंच आहे. आणि खुर्चीच्या पाठीला तिचा तो हिरवा लोकरी स्वेटर, कोपराला ठिगळ लावलेला. मी तो उचलला आणि तोंडाजवळ नेला. वास आहे अजून. खोली बंद होती म्हणून राहिला. लॅव्हेंडरचा साबण, मशीनचं तेल आणि ती.

मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो. आणि मला टेगनचं वाक्य आठवलं. तुम्ही न दाखवता पुरलात तर तिच्या हिशोबानं तो फक्त हरवलाय.

तू दहा डिसेंबरच्या रात्री निघून अकराला आलीस. शवपेटी बंद करून टाकली होती. तू म्हणालीस, "बाबा, एकदा उघडायला सांगा." मी म्हटलं, नाही, ती आता पहिल्यासारखी दिसत नाही. तू नर्स आहेस, रोज बघतेस. ते कारण नव्हतं. उघडली असती तर मलाही बघावं लागलं असतं. माझ्यात ती हिंमत नव्हती, आणि मी ते तुझ्या भल्याच्या नावावर खपवलं.

आता दुसरं. हे लिहायला मला चार दिवस लागले आणि हे वाचून तू मला परत लिहिणार नाहीस, याची मला पूर्ण कल्पना आहे.

आईनं कळवू नकोस म्हणून सांगितलं होतं, हे खरं आहे. सप्टेंबरात म्हणाली, ऑक्टोबरात म्हणाली. पण चार डिसेंबरला हॉस्पिटलात ती म्हणाली, "नेव्ह, आता नरेलला बोलाव." मी म्हटलं, बोलावतो. बाहेर आकाश भरून आलं होतं आणि दोन वावरांतला गहू उभा होता. म्हटलं, आज कापून घेतो, उद्या फोन करतो. उद्याही कापला. सहाला तिनं विचारलं, "लागला का फोन?" मी म्हटलं, लागत नाही. खोटं बोललो, नरेल. मरणाऱ्या बाईशी. मला वाटत होतं तुला बोलावलं की ती मरणार हे ठरून जाईल. आणि गहूही होता. दोन्ही होतं. नऊ तारखेला तुला फोन केला तेव्हा कापणी संपून हार्वेस्टर शेडमध्ये उभा होता.

त्या पावसाचं काही झालं नाही. आलाच नाही तो.

ते पाच दिवस तुझे होते. मी घेतले. परत देता येत नाहीत. तिथे काय झालं एवढंच देता येईल, ते देतो. पाचला तिनं आइस्क्रीमचे तीन चमचे खाल्ले. सहाला नर्सला तुझा फोटो दाखवला, तो पदवी घेतानाचा, आणि म्हणाली, "ही पण तुझ्यासारखीच हुकूम सोडते." सातला मला म्हणाली, "निळं कापड नरेलच्या फ्रॉकचं आहे, बाही जराशी लांब ठेवायला सांग, तिचे हात माझ्यासारखे लांब आहेत." आठला झोपून होती. नऊला मी सांगितलं, नरेल येतेय. डोळे मिटलेले होते, पण तिनं माझं बोट दाबलं. हे खरं आहे. आता मी कशाला खोटं लिहू. दहाला सकाळी साडेसहाला गेली. खिडकीबाहेर मॅगपाय पक्षी ओरडत होते. मी जवळ होतो.

पार्सलमध्ये स्वेटर आहे. धुतलेला नाही. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधलाय, वास जाऊ नये म्हणून. दारं बंद कर आणि मग उघड. घाई करू नकोस.

बाबा


१४ जून

नरेल,

हे पत्र तुला निघायच्या आत मिळेल असं पोस्टातली बाई म्हणते.

तीन आठवडे तुझं काही आलं नाही, तेव्हा मी समजून गेलो होतो. ग्लेनिसलासुद्धा काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "नेव्ह, पेस्ट्री खात नाहीस, आता तुलाही नळीनं पाजायचं का?" मग रविवारी तुझा फोन. तू म्हणालीस, "बाबा, पोचलं." आणि मग कितीतरी वेळ फोनमधून तुझा श्वास तेवढा येत होता. हल्ली मला थांबता येतं थोडं. मग म्हणालीस, "मी अजून चिडलेलीच आहे. खूप चिडलेय. पण येतेय." माझ्या हातून रिसीव्हर खाली पडला, म्हणून तो आवाज झाला. मी आपटला नाही.

चिड. येऊन चिड. इथे जागा भरपूर आहे.

आता कामाचं. बुधवारी गवतावर पहिलं हिव पडलं, डास संपले. केनचे सहा आठवडे केव्हाच झाले. खोली झाडून ठेवलीय, टाचणी सापडली तर मला सांग. निळं कापड मी हलवलेलं नाही, ते तू बघ.

आणि टॉवेल. गेल्या गुरुवारी ऑलिव्हनं तो स्वतःच पिंजऱ्याच्या दाराशी ढकलून दिला. मला वाटलं चुकून. परत कोपऱ्यात ठेवला. तिनं परत ढकलला आणि त्याच्याकडे पाठ करून गवत खात बसली. आज आठ दिवस तो तिथेच आहे. मी हुंगून बघितला, त्याला आता नुसता गवताचा वास येतो. टेगनला फोन केला. ती म्हणाली, "झालं, नेव्ह. आता आणा."

ग्लेनिस कालच केनला काखोटीला मारून निघाली होती. मी कुंपणावरूनच तिला परत पाठवलं. म्हटलं, एकवीस तारखेपर्यंत कुणीही कुठे जाणार नाही, नरेल येतेय, ससा तिचा आहे, दार ती उघडेल. म्हणाली, "तीन महिने थांबलास, आता एका आठवड्यानं काय होतंय म्हणा." पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलली.

बस दुपारी दोनला येते. मी दीडपासून उभा असेन. इथे सकाळी दोन डिग्री असतं आणि तिकडे केर्न्सच्या उकाड्यात राहून तुझ्याकडे गरम कपडे असायचे नाहीत. आईचा स्वेटर घालून ये. वास जाईल म्हणून जपून ठेवू नकोस.

बाबा